सिंहाच्या आधीचं ल्यों

आई फ्रान्समध्ये, माझ्याकडे ल्योंला आली त्या आठवड्यातली गोष्ट. बेलकूर चौकात आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. चौकातली तांबडी बारीक खडी उन्हाने तापली होती आणि तिचा धुरळा चपलांवर बसत होता. संध्याकाळी फुटबॉलचा सामना असावा, कारण गळ्यात लाल-निळे पट्टे घातलेली पोरं घोळक्याघोळक्याने मेट्रोकडे चालली होती आणि बहुतेक पट्ट्यांवर सिंह होता. समोरून नगरपालिकेची गाडी गेली, तिच्या दारावरही सिंह. आदल्या दिवशी जुन्या गावातल्या एका कमानीवर आईने दगडातला सिंह पाहिला होता, जिभेचं टोक झिजून गेलेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, जिकडे बघावं तिकडे सिंह. देवीचं गाव असणार हे. ग्रामदैवत कोण इथलं?"

आई कराडची. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, कृष्णामाईच्या घाटाच्या आसपास तिचं बालपण गेलं. गाव म्हटलं की त्याला दैवत असणार, नदी म्हटली की घाट असणार आणि सिंह दिसला की त्याच्यावर बसणारी कुणीतरी असणार, हा तिचा हिशेब सरळ होता. मी म्हणाले, "सिंह नुसता नावामुळे आहे. फ्रेंचमधला सिंहाचा शब्द आणि या गावाचं नाव, दोन्हींचा उच्चार एकच, ल्यों. मधलं एक अक्षर लिहिताना बदलतं, एवढंच." आईने विचारलं, "मग गावाला सिंहाचं नाव का दिलं?" "दिलंच नाही. सिंह मागाहून आला." त्यावर ती म्हणाली, "मग आधी कुणाचं होतं?"

हे "कुणाचं" माझ्या डोक्यात घर करून बसलं. इथे राहायला आल्यापासून नावाची व्युत्पत्ती मी हौसेने वाचत आले होते, पण माझा प्रश्न नेहमी "कशावरून" असा असायचा. आईचा प्रश्न मालकीचा होता. तिच्या मते गावाचं नाव म्हणजे कुणाचं तरी देणं.

सिंहाची गोष्ट थोडक्यात सांगून संपते. मध्ययुगापर्यंत जुनं लॅटिन नाव लोकांच्या तोंडी झिजून इतकं आखूड झालं होतं की त्याचा उच्चार सिंहाच्या शब्दाला येऊन मिळाला. त्या काळी गावाचं नाव कित्येकदा थेट सिंहाच्याच स्पेलिंगने लिहिलं जाई. गावाला निशाण हवं होतं आणि उच्चाराने एक आयतं हातात दिलं. तांबड्या ढालीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला रुपेरी सिंह आणि माथ्यावर निळ्या पट्टीत फ्रान्सच्या राजांची तीन सोनेरी लिलीची फुलं. अशा चिन्हांना फ्रेंचमध्ये "बोलकी चिन्हं" म्हणतात, कारण त्यांच्याकडे पाहिलं की नाव आपोआप तोंडात येतं. निरक्षर माणसालाही गावाचं नाव वाचता यावं, अशी ती सोय. गावाचं जुनं बोधवाक्यही इथल्या स्थानिक बोलीत आहे: पुढे चला, पुढे चला, ल्यों सर्वांत उत्तम. ते वाक्य उच्चारताना माणसाच्या मनात गाव येत असेल की जनावर, हे सांगता येणार नाही, आणि ज्यांनी ते रचलं त्यांनाही तो फरक करायचा नसावा.

सिंहाच्या खाली उतरायचं तर टेकडीवर चढावं लागतं. जुन्या गावातून फुर्व्येरच्या टेकडीवर केबलने ओढला जाणारा छोटा रेल्वेचा डबा जातो. इथले लोक त्याला "फिसेल" म्हणतात, म्हणजे सुतळी. आतला बोगदा ओलसर, लोखंडाचा आणि दमट दगडाचा वास येणारा. वर पोहोचलं की रोमन रंगमंदिराच्या पायऱ्या उतरत्या उन्हात पिवळसर दिसतात. खाली सोन नदीचं वळण, पलीकडे रोन, आणि दूर दक्षिणेला दोघींचा संगम. इथेच इ. स. पू. ४३ मध्ये ल्युशियस मुनाशियस प्लांकस या रोमन सरदाराने वसाहत स्थापन केली. त्याची कबर इटलीत गाएताला समुद्राजवळच्या डोंगरावर आहे आणि तिच्यावरच्या लेखात त्याच्या कर्तबगारीत हेही कोरलेलं आहे की गॉलमध्ये, म्हणजे ढोबळमानाने आजच्या फ्रान्सच्या भागात, त्याने लुगुदुनुम आणि राउरिका या वसाहती वसवल्या. नाव मात्र त्याने दिलेलं नव्हतं. वसाहतीला रोमन धाटणीचं लांबलचक अधिकृत नाव होतं, त्यात "कोपिया" म्हणजे समृद्धी आणि "मुनाशिया" म्हणजे प्लांकसचं घराणं असं सगळं होतं. ते सगळं गळून पडलं. टिकलं ते शेवटी चिकटवलेलं स्थानिक, गॉल लोकांच्या भाषेतलं नाव.

त्या नावाचा दुसरा भाग सोपा आहे. "दुनोन" म्हणजे उंचावरची तटबंदी. मराठीत त्याला गढी म्हणणंच योग्य. हा शब्द एकदा कानात बसला की फ्रान्सचा नकाशा वेगळा दिसू लागतो. व्हेरदँ, इसूदँ, शातोदँ, आणि ऑगस्टसच्या नावाची गढी ती ओतँ. आल्प्समधलं आँब्रँ आणि स्वित्झर्लंडमधलं इव्हेरदों या दोन लांबच्या गावांची सुरुवात एकाच नावाने झाली, एबुरोदुनुम. इंग्रजीतला "टाउन" आणि कुंपणासाठीचा जर्मन "त्साउन" हेही त्याच गोतावळ्यातले. एखाद्या रात्री झोप आली नाही की मी नकाशा घेऊन या गढ्या शोधत बसते, आणि ज्या भाषेत आज कुणीही बोलत नाही ती भाषा रेल्वेच्या वेळापत्रकात, टपालाच्या शिक्क्यावर आणि महामार्गाच्या निळ्या पाट्यांवर रोज छापली जाते, याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं.

अडचण आहे ती पहिल्या भागाची. लुग म्हणजे काय?

सर्वांत जुनं उत्तर कावळ्याचं आहे. नद्यांविषयीचा एक प्राचीन ग्रीक ग्रंथ आहे, पूर्वी तो प्रसिद्ध ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या नावावर खपवला जायचा. त्यात सोन नदीच्या, म्हणजे तेव्हाच्या आरार नदीच्या प्रकरणात एक गोष्ट येते. मोमोरोस आणि आतेपोमारोस नावाचे दोघे राज्यावरून हाकलले गेले आणि दैवी कौलानुसार या टेकडीवर नगर वसवायला आले. पायासाठी खणायला सुरुवात केली तोच अचानक कावळे प्रकट झाले, पंख फडफडवत आजूबाजूच्या झाडांवर गच्च भरले. मोमोरोसला शकुन कळत होता. त्याने नगराचं नाव लुग्दुनुम ठेवलं, कारण त्यांच्या भाषेत कावळ्याला "लुगोस" म्हणतात आणि उंच जागेला "दुनोन", असा खुलासा लेखकाने केला आहे. गॉल भाषेत कावळ्याला खरोखर तसं म्हणत असल्याचा दुसरा भक्कम पुरावा नाही, म्हणून भाषातज्ज्ञ या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत. पण गावाने ठेवला होता. रोनच्या खोऱ्यात घडवलेल्या भाजलेल्या मातीच्या एका पदकावर प्लांकस आणि या नगराचा रक्षक देव समोरासमोर उभे आहेत आणि तिथे कावळा आहे. नगराच्या रक्षक देवाला रोमन लोक "गेनियुस" म्हणत. मला तर आईच्या ग्रामदैवताला याहून जवळचा शब्द सापडला नाही.

ही गोष्ट मी आईला रंगमंदिराच्या पायरीवर बसून सांगितली. सिंहाची गोष्ट तिने नुसती ऐकून घेतली होती, कावळ्यांची मात्र तिला पटली. जागा हेरायची तर कावळाच हेरणार, तो आधी आला म्हणजे कुणीतरी पूर्वज खूश आहेत, असं तिचं म्हणणं. दहाव्याला पिंडाकडे डोळे लावून बसलेली माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला झाडं भरून कावळे आल्याचा शकुन समजावून सांगावा लागत नाही. मोमोरोसला काय वाटलं असेल हे आईला माझ्यापेक्षा लवकर कळलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

कावळ्यांनंतर आणखी दोन उत्तरं लिहिली गेली. नवव्या शतकात ओसेरच्या एका भिक्षूने, हेरिकने, संतचरित्र पद्यात रचताना जाता जाता सांगितलं की गॉल लोकांच्या बोलीत लुग्दुनुम म्हणजे तेजस्वी डोंगर. फुर्व्येर पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळचं पहिलं ऊन तिलाच लागतं, त्यामुळे इथल्या लोकांना हा अर्थ अजून आवडतो. हिवाळ्यात सोनवरून धुकं उठतं आणि खालचं गाव दहा-दहा वाजेपर्यंत राखाडी राहतं, तेव्हा वरची टेकडी एकटीच उजळलेली मी पाहिली आहे. अशा सकाळी हेरिकशी वाद घालावासा वाटत नाही. दुसरं उत्तर त्याहून जुनं दिसतं. गॉल शब्दांची एक छोटी यादी मध्ययुगीन हस्तलिखितात उरली आहे, १८३६ साली एंडलिखर नावाच्या विद्वानाने ती छापली. जेमतेम काही शब्द आणि त्यांचे लॅटिन अर्थ. तिच्यातला पहिलाच शब्द आमच्या गावाचा आहे, आणि पुढे अर्थ दिला आहे: हवाहवासा डोंगर, ज्याची आस लागली असा डोंगर. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा अर्थ टिकत नाही. तरी तो लिहिणाऱ्याचा हात मला ओळखीचा वाटतो. एक भाषा मरायला टेकली आहे, तिचे हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे शब्द कुणाला तरी अर्धवट आठवताहेत, आणि तो यादीची सुरुवात या डोंगरापासून करतो.

आज बहुतेक अभ्यासक ज्या उत्तराकडे झुकतात ते आईच्या प्रश्नाचं थेट उत्तर आहे. लुग्दुनुम, लुगची गढी. लुग हा देव. एकोणिसाव्या शतकात आंरी दार्ब्वा द ज्युबांव्हिल या फ्रेंच विद्वानाने आयर्लंडच्या जुन्या कथांमधला लुग आणि या नावातला लुग एकच आहे असं मांडलं. आयर्लंडच्या कथेत तो राजधानीच्या वेशीवर येऊन उभा राहतो. द्वारपाल विचारतो, तुला येतं काय? कलेशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. तो म्हणतो, मी सुतार आहे. सुतार आहे आमच्याकडे. मी लोहार आहे. तोही आहे. योद्धा, वीणावादक, कवी, वैद्य, एकेक सांगत जातो आणि एकेक नकार येतो. शेवटी तो म्हणतो, राजाला विचारून ये, ही सगळी कामं एकट्याला येणारा कुणी आहे का तुमच्याकडे? तेव्हा दार उघडतं. दुसरीकडे सीझरने गॉल लोकांविषयी लिहून ठेवलं आहे की ते सर्वांत जास्त मर्क्युरीला भजतात आणि त्याला सर्व कलांचा जनक मानतात. देवाचं स्थानिक नाव सीझर सांगत नाही, आपल्या ओळखीच्या रोमन देवाचं नाव घालून मोकळा होतो. सर्व कलांचा जनक आणि सर्व कला येणारा, या दोन वर्णनांच्या सांध्यावर ज्युबांव्हिलचा तर्क उभा आहे.

तर्कच. ल्योंच्या टेकडीवर लुगचं देऊळ सापडलेलं नाही. रोमनांच्या आधीचे खंदक सापडले आहेत, त्यांत इटलीहून आलेल्या वाइनच्या रांजणांची खापरं आणि जनावरांची हाडं भरपूर मिळाली. म्हणजे इथे माणसं जमत होती आणि मोठ्या पंगती उठत होत्या. त्या कुणाच्या नावाने, हे हाडं सांगत नाहीत. मला स्वतःला सगळ्यात खात्रीचा धागा वाटतो तो इथून बराच लांब, स्पेनमधल्या ओस्माचा. तिथे एक रोमनकालीन शिलालेख आहे. लुगोव्हेस, म्हणजे अनेकवचनातल्या लुग देवांना, कुणा उर्सिकोने चर्मकारांच्या, पादत्राणं शिवणाऱ्यांच्या संघाला दिलेली ही अर्पण-वस्तू आहे, असं त्यावर कोरलेलं आहे. राजा नाही, सेनापती नाही. चामडं कापणारे, दाभणाने टाके घालणारे लोक, आणि त्यांचा देव. सर्व कला ज्याच्या हातात आहेत त्याला कारागिरांनी दगड वाहावा, यात कुठे ओढाताण वाटत नाही. ल्यों हे पुढे रेशीम विणणाऱ्यांचं गाव झालं. क्र्वा-रूसच्या टेकडीवर विणकरांची घरं अजून आहेत, उंच माग मावावेत म्हणून चार-चार मीटर उंचीची छतं असलेली. त्या घरांचा लुगशी संबंध जोडायला काहीही आधार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या जिन्यांवरून जाताना ओस्माचे चर्मकार आठवतात, ते आठवू नयेत असा प्रयत्न मी करत नाही.

लुगच्या गढ्या आणखीही होत्या आणि त्यांच्या नशिबी काय आलं ते पाहिलं की या एका नावाचं टिकणं अधिक नवलाचं वाटतं. उत्तर फ्रान्समध्ये सपाट शेतांच्या मधोमध उठलेल्या टेकडीवर एक गाव आहे, कॅथीड्रलच्या मनोऱ्यांवर दगडी बैल कोरलेलं. तेही मुळात लुग्दुनुम. तिथल्या तोंडांनी ते वेगळ्या रीतीने घासलं आणि आज त्याचा उच्चार नुसता "लां" असा होतो. तिथे सिंहाशी गाठ पडलीच नाही. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी तिसरं लुग्दुनुम होतं, भरभराटीचं रोमन शहर. ते उजाड झालं, पुढे बेरत्रां नावाच्या बिशपने वर टेकडीवर देवालय उभारलं आणि आता गाव त्याच संताच्या नावाने ओळखलं जातं, सां-बेरत्रां-द-कॉमांज. जुनं नाव पाटीवरून साफ गेलं. आणि चौथं, हॉलंडमधलं, रोमन काळी समुद्राकाठी होतं. पुढच्या विद्वानांनी ते लायडन असं मानलं. ते चुकीचं होतं, पण लायडनच्या विद्यापीठाने आणि छापखान्यांनी ते लॅटिन नाव मानाने मिरवलं. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर कधी "लुग्दुनी" म्हणजे ल्योंमध्ये आणि कधी "लुग्दुनी बातावोरुम" म्हणजे लायडनमध्ये असं छापलेलं सापडतं, आणि जुन्या ग्रंथांच्या याद्या करणाऱ्यांना आजही दोन्हींकडे डोळे ताणून पाहावं लागतं. ल्योंच्या छपाईच्या संग्रहालयात तो शब्द मी काचेपलीकडून वाचला. कागद चारशे-साडेचारशे वर्षांत तपकिरी झाला आहे, अक्षरांची कड मात्र अजून धारदार आहे.

हे नाव एकदा पुसण्याचाही प्रयत्न झाला.

१७९३ साली ल्यों पॅरिसच्या क्रांतिकारी सत्तेविरुद्ध उठलं. दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर ऑक्टोबरात शहर पडलं आणि १२ ऑक्टोबरला पॅरिसच्या सभेने हुकूम काढला: शहर नष्ट करावं, श्रीमंतांची घरं पाडावीत, उरलेल्या वस्तीचं नाव "मुक्त शहर" ठेवावं आणि अवशेषांवर खांब उभारून त्यावर लिहावं, "ल्योंने स्वातंत्र्याशी युद्ध केलं, ल्यों आता नाही." पायांनी चालू न शकणाऱ्या कुथोंला, पॅरिसच्या सभेच्या प्रतिनिधीला, खुर्चीतून बेलकूरवर आणलं, त्याने घरांच्या दर्शनी भिंतींवर छोट्या हातोडीने ठोका दिला आणि पाडापाडी सुरू झाली. ज्या चौकात आई सिंह पाहत बसली होती तोच हा चौक. आज तिथे दिसणाऱ्या दोन बाजूंच्या उंच इमारती त्यानंतरच्या, १८०० साली नेपोलियनने कोनशिला बसवल्यावर उभ्या राहिलेल्या. शहरात आणि रोनपलीकडच्या मैदानात मिळून त्या हिवाळ्यात दीड हजारांहून जास्त माणसं मारली गेली. नाव मात्र वर्षभरात परत आलं. क्रांतिकारी सत्तेचा म्होरक्या रोबेस्पिएर पडला आणि १७९४च्या ऑक्टोबरात शहराला ल्यों म्हणायची पुन्हा परवानगी मिळाली. ज्यांनी ते नाव काढून टाकलं त्यांनाही त्याचा अर्थ ठाऊक नसणार, आणि ज्यांनी परत मागितलं त्यांनाही. हे कळल्यावर मला आधी गंमत वाटली, मग बराच वेळ अस्वस्थ वाटत राहिलं. एवढी माणसं मेली, आणि मधोमध हा शब्द, ज्याच्या पोटात विस्मरणात गेलेला एक देव.

आईने तिच्यापुरता निकाल लावून टाकला होता. फुर्व्येरवर पांढरी बॅसिलिका आहे, शेजारी जुन्या देवालयाच्या मनोऱ्यावर मेरीची सोनेरी मूर्ती, हात खाली शहराकडे पसरलेली. १६४३ साली प्लेग आला तेव्हा इथल्या नगरशासकांनी गाव वाचलं तर दर वर्षी टेकडीवर येऊन मेणबत्त्या आणि सोन्याचं नाणं वाहू असा नवस बोलला. तो अजून ८ सप्टेंबरला फेडला जातो. १८५२ मध्ये ही सोनेरी मूर्ती बसवायची होती तीही ८ सप्टेंबरलाच, पण सोनला पूर आला आणि समारंभ ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशी वादळाने रोषणाई रद्द व्हायची वेळ आली, तरी आभाळ निवळताच लोकांनी आपणहून खिडक्यांत दिवे लावले. ८ डिसेंबरला ल्योंच्या खिडक्यांत काचेच्या पेल्यांतले दिवे अजून लागतात. आईने हे सगळं ऐकलं. उंचावरची जागा, रोगराईतून वाचवणारी, वर्षाचा नवस, नदीचा पूर, दिव्यांची ओळ. "म्हणजे आहेच की देवी," ती म्हणाली आणि उठून मूर्तीच्या दिशेने हात जोडले.

तिचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. गढी तीच आहे. फुर्व्येर हे नावसुद्धा जुन्या रोमन बाजारचौकाचं, "फोरुम व्हेतुस"चं, झिजलेलं रूप. म्हणजे वरचं देवालय उभं आहे त्या जागेच्या नावातही जुनं गाव आहे. लुग गेला, नगराचा गेनियुस गेला, जागा रिकामी राहिली नाही. तरी मला लुगसाठी वाईट वाटतं हेही खरं. लाखो लोक दिवसातून कितीदा त्याचं नाव घेतात, तिकिटावर छापतात, स्टेडियममध्ये ओरडतात, आणि त्यातलं एकही उच्चारण त्याच्यासाठी नसतं.

टेकडीच्या पोटात बांधलेल्या रोमन संग्रहालयात एक कांस्यपट आहे. १५२८ साली क्र्वा-रूसवर एका कापड व्यापाऱ्याच्या द्राक्षमळ्यात तो सापडला. सम्राट क्लॉडियस याच गावात जन्मला होता. इ. स. ४८ मध्ये त्याने रोमच्या सिनेटमध्ये गॉल लोकांच्या बाजूने भाषण केलं, ते या पटावर कोरलेलं आहे. अक्षरं इतकी स्वच्छ की लॅटिन न येणाऱ्यालाही शब्द वेगळे काढता येतात. दुसऱ्या रकान्यात तो म्हणतो की लुगुदुनुमचे लोक आपल्या सभेत आहेत याचं आपल्याला दुःख नाही. तो शब्द मी शोधून काढला. त्यात "ग" आणि "द" यांच्यामध्ये एक "उ" आहे, प्लांकसच्या कबरीवर आहे तसाच. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो की या नगराला पूर्वी लुगुदुनुम म्हणत, आता लुग्दुनुम म्हणतात. तोवर तो "उ" गळून गेला होता. मग "ग" विरला, स्वरांमधला "द" गेला, शेवटचं शेपूट गेलं.

त्याच डिओने हेही नोंदवलं आहे की प्लांकसने गाव वसवलं ते कुणासाठी. दक्षिणेच्या व्हिएन शहरातून आलोब्रोज जमातीने हुसकावून लावलेले लोक या दोन नद्यांच्या संगमापाशी येऊन राहिले होते, त्यांच्यासाठी. संगमाला गॉल भाषेत "कोंदाते" म्हणत. सोन इतकी संथ वाहते की डोळ्यांना प्रवाहाची दिशा ठरवता येत नाही, असं सीझरने लिहिलं आहे आणि ते अजून खरं आहे. रोन मात्र आल्प्सचं पाणी घेऊन घाईने येते. अशा जागी पडाव टाकून राहिलेल्या त्या निर्वासितांनी वरच्या गढीचं नाव स्थानिक लोकांकडून ऐकलं असणार, जसं जमलं तसं लॅटिन जिभेने उच्चारलं असणार, आणि घर मिळतंय म्हटल्यावर त्याचा अर्थ विचारायला कुणाला सवड होती? शब्दयादी लिहिणाऱ्याने पुढे त्याच नावाला "आस लागलेला डोंगर" म्हटलं, ते भाषेच्या दृष्टीने चुकीचं असलं तरी या लोकांच्या बाबतीत खरं ठरतं. या गावाचे पहिले नागरिक हे नाव न समजता घेणारे बाहेरचे लोक होते. प्रीफेक्चरच्या, म्हणजे सरकारी जिल्हा प्रशासनाच्या कचेरीत परवान्याच्या अर्जावर "राहण्याचं ठिकाण" या रकान्यात मी ते चार अक्षरांचं नाव लिहिते, तेव्हा मला सिंह आठवत नाही आणि खरं सांगायचं तर लुगही आठवत नाही. व्हिएनहून आलेली ती माणसं आठवतात.